जुनी पॉइंटवाली गाडी तापली की बंद पडते. कॉइल बदलूनही तेच. आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरची, सीबी पॉइंटवाली (म्हणजे कॉइलचा करंट उघडझाप करून तोडणारे संपर्क असलेली) जुनी पेट्रोल गाडी. थंड असताना हाफ सेल्फमध्ये सुरू होते, वीसेक मिनिटं चालली की झटके देऊन बंद पडते आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी पुन्हा चालू होते. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, कॉइल (बॅटरीच्या व्होल्टेजपासून ठिणगीचा मोठा दाब तयार करणारा भाग) नवी टाकली, फरक शून्य.

माझं मत: इलेक्ट्रॉनिक किट आत्ता नको. ही गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत बरी झालेली असते, म्हणून मेकॅनिक अंदाजानं पार्ट बदलत राहतो. तपासणी व्हायला हवी ती गाडी बंद पडलेली आणि इंजिन तापलेलं असताना, जिथे बंद पडली तिथेच. त्यासाठी गाडीत एक टेस्ट लॅम्प, इन्सुलेटेड पक्कड, प्लग पाना आणि एक जुना स्पार्क प्लग ठेवा. त्या प्लगचा बाजूचा वाकडा पाय कापून टाका. मूळ गॅप इतकी छोटी असते की कमजोर करंटसुद्धा उघड्या हवेत ती ओलांडतो आणि आपण फसतो. सिलिंडरमधल्या दाबाखाली तोच स्पार्क पडत नाही. पाय कापला की ठिणगीला लांब उडी मारावी लागते.

बंद पडताना गाडी कशी वागते याकडेही लक्ष द्या. करंट गेला तर किल्ली बंद केल्यासारखी एकदम मरते. आरपीएमचा काटा कॉइलवरून चालणारा असेल, तर गाडी गिअरमध्ये ढकलली जात असतानाही तो शून्यावर कोसळतो. पेट्रोल कमी पडत असेल तर आधी दम तुटतो आणि चोक ओढला की क्षणभर सावरते. तुम्ही लिहिलेले झटके दोन्हीकडे बसतात, म्हणून स्पार्क बघितल्याशिवाय कार्बोरेटरला पुन्हा हात लावू देऊ नका.

आता क्रम. गाडी बंद पडली की न्यूट्रल, हँडब्रेक, बॉनेट वर. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पाडायची नाही, आधी गळती बघायची. डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला आळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग), त्याच्या कॅपच्या मधल्या भोकातली जाड वायर काढून तो पाय कापलेला प्लग तिला लावा, प्लगची बॉडी इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरू नका, तिथे वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो. निळी, कडकड आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक. बिघाड कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा), वायरी किंवा प्लगमध्ये आहे, नाहीतर पेट्रोलमध्ये. ठिणगी पिवळट, बारीक असेल किंवा नसेलच, तर टेस्ट लॅम्प घ्या. त्याचं एक टोक अर्थला (इंजिनाच्या किंवा बॉडीच्या धातूला), दुसरं आधी कॉइलच्या स्विचकडून येणाऱ्या टर्मिनलला. किल्ली ऑन असताना दिवा लागलाच नाही तर स्विच, कनेक्टर किंवा बॅलास्ट रेझिस्टर (काही गाड्यांत कॉइलचा करंट कमी ठेवणारा रोध) बघा. मंद लागला तर घाबरू नका, बॅलास्टवाल्या गाडीत पॉइंट मिटलेले असताना तसंच दिसतं. (सेल्फ फिरतोय तोवर इंजिन पेटतं आणि किल्ली सोडली की मरतं, हे बॅलास्ट किंवा स्विचचं लक्षण. तुमचं तसं दिसत नाही.)

मग दिवा डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला लावा आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, काळे पडलेत किंवा त्यांचा अर्थ तुटलाय. पेटलाच नाही तर कॉइलचं प्रायमरी (कमी व्होल्टचं) वाइंडिंग तुटलंय, पॉइंट उघडतच नाहीत, नाहीतर ती बाजू कुठेतरी अर्थला शॉर्ट आहे. कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) आतून शॉर्ट झाला तरी असंच होतं. छान लुकलुकतोय पण ठिणगी नाही किंवा मरतुकडी आहे, तर कॉइल किंवा कंडेन्सर.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय कंडेन्सरवर आहे. पॉइंट उघडताच प्रायमरीचा करंट झटकन तुटला तरच कॉइलमध्ये मोठा दाब तयार होतो, आणि तो झटकन तुटावा यासाठीच साधारण 0.2 मायक्रोफॅरडचा हा डबा बसवलेला असतो. तो तापल्यावर दगा देतो आणि थंड झाला की साळसूद होतो. कॅप काढून सेल्फ मारताना पॉइंटवर मोठा, लखलखता जाळ दिसला तर तोच गुन्हेगार. नवा टाकला तरी निर्धास्त राहू नका, सुमार दर्जाचे नवे कंडेन्सर पुष्कळ मिळतात. चांगला मिळाला की मी तो डिस्ट्रिब्यूटरच्या उष्णतेपासून दूर, कॉइलजवळ बसवतो.

दुसरा संशय तुमच्या नव्या कॉइलवरच. मल्टिमीटरनं तिचं प्रायमरी मोजा, वायरी काढून. साध्या 12 व्होल्टच्या कॉइलचं साधारण 3 ओहम भरतं, बॅलास्टवालीचं दीड. बॅलास्ट नसलेल्या गाडीला दीड ओहमची कॉइल लावली तर पॉइंट मिटलेले असताना 4 ऐवजी 8 अँपिअर वाहतात. कॉइल भाजते, पॉइंट जळतात आणि गाडी तापल्यावर बंद पडते, म्हणजे तुमचीच तक्रार. उलट केलं तर ठिणगी कमजोर. बॅलास्ट प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही, काही गाड्यांत तो वायरिंगमधल्या रेझिस्टन्स वायरच्या रूपात लपलेला असतो. किल्ली ऑन, पॉइंट मिटलेले, आणि कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलला बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज असेल तर बॅलास्ट नाही. 6 ते 8 च्या आसपास असेल तर आहे. मोजून झालं की किल्ली लगेच बंद करा, पॉइंट मिटलेले असताना ती ऑन ठेवणं म्हणजे कॉइल भाजणंच.

तिसरी जागा बहुतेक जण बघतच नाहीत. डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंटकडे जाणारी छोटी वायर आणि प्लेटला अर्थ देणारी विणलेली पट्टी. व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर (इंजिनाच्या खेचीनं ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा) प्लेट सतत हलते, त्यामुळे वायर वरून अखंड दिसली तरी आत तुटलेली असू शकते. बारीक हलवून, थोडी ताणून बघा.

रोटरची परीक्षा सोपी आहे. कॅप काढा, कॉइलची वायर पक्कडीनं रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून तीनेक मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. ठिणगी रोटरवर पडली तर त्याचं इन्सुलेशन फाटलंय, करंट थेट शाफ्टमध्ये जातोय. कॅपच्या आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला, घासून उपयोग नाही.

पॉइंटची गॅप मॅन्युअलप्रमाणेच ठेवा; बऱ्याच गाड्यांत ती 0.4 मिमीच्या आसपास असते. खड्डे पडलेल्या पॉइंटवर फिलर गेज खोटं सांगतं, तिथे ड्वेल मीटर (पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते मोजणारा) हवा. गॅप बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) बदलतं, ते पुन्हा बघावं लागतं. शाफ्ट हातानं बाजूला हलत असेल तर कितीही नीट सेट करा, गॅप दर फेरीला वेगळी येणार.

यातून पॉइंट, कंडेन्सर किंवा ढिला शाफ्ट दोषी ठरला तर इलेक्ट्रॉनिक किट जरूर बसवा, त्यात काही कमीपणा नाही. 3000 आरपीएमला पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात, झीज होणारच. पण किट फक्त पॉइंट आणि कंडेन्सरची जागा घेतं. स्विच, सैल कनेक्टर, चुकीची कॉइल, तडकलेली कॅप तशीच राहते, आणि दीड ओहमच्या कॉइलवर काही मॉड्यूल (किटमधला इलेक्ट्रॉनिक भाग) जळतातही. किट घेताना कॉइलचा किमान रेझिस्टन्स आणि तुमच्या गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, हे दोन्ही जुळवून घ्या. काढलेली पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवा. मॉड्यूल मरताना आधी सूचना देत नाही.