क्यू दहापट वाढवली तरी मेसेज का गळतात?

सेन्सरचे मेसेज थांबवून ठेवणारी रांग, म्हणजे क्यू, मोठी केली तरी मेसेज का हरवतात, असं तुम्ही विचारलंत. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. 40 सेन्सर, प्रत्येकाचं दर 10 सेकंदांना एक रीडिंग. मॉस्किटो ब्रोकरवर (सेन्सरचे मेसेज घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर) क्यूची मर्यादा 1000 होती तेव्हा 25 मिनिटांनी गळती सुरू झाली, 10,000 केल्यावर चार तासांनी. क्यू दहापट झाली, वेळही दहापट झाला. म्हणजे क्यू लहान नाही, मेसेज घेऊन डेटाबेसमध्ये लिहिणारा तुमचा प्रोग्रॅम मंद आहे.

हिशेब बघा. आवक सेकंदाला 4. 1500 सेकंदांत 1000 साचले, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम सेकंदाला 3.33 च उपसतोय. एका मेसेजला 0.3 सेकंद. बहुधा प्रत्येक रीडिंगला डेटाबेसमध्ये वेगळं कमिट (पक्की नोंद) होतंय.

आम्हा कोल्हापूरकरांना हे गळीत हंगामात दिसतं. कारखान्याचं यार्ड कितीही वाढवा, गाळप तेवढंच. यार्डात थांबलेला ऊस वाळतो आणि साखरेचा उतारा पडतो. रीडिंगही असंच वाळतं. पंचगंगेच्या पाण्यावर आम्ही हौसेनं एक सेन्सर लावला होता. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पुराच्या दिवसांत अर्धा तास जुनं पाणी दाखवणारा स्क्रीन काय कामाचा? आमचा नेमका तेच दाखवत होता, कारण साचलेलं आधी येतं. त्यात क्यू भरली की मॉस्किटो जुनं टाकत नाही, नवं येणारं टाकतो! लाइव्ह डेटासाठी हे अगदी उलटं.

तेव्हा आधी 50-50 रीडिंग एका कमिटमध्ये लिहा. मात्र लिहून होण्याआधीच ब्रोकरला पोच गेली आणि प्रोग्रॅम पडला, तर तेवढी रीडिंग गेलीच, हे धरून चला.

क्यूचा आकार त्यानंतर ठरवा. तुमच्याकडे लाइट जास्तीत जास्त 20 मिनिटं जाते आणि तेवढा वेळ प्रोग्रॅम बंद राहतो म्हणताय, तर 4 गुणिले 1200, म्हणजे 4800, 6000 ठेवा. मर्यादा शून्य करू नका, ती अमर्याद होते आणि मेमरी खाते. क्लायंटचा (इथं तुमचा प्रोग्रॅम) आयडी कायम, क्लीन सेशन (जुनी रांग पुसून नवी सुरुवात) बंद आणि क्यूओएस 1 (पोच येईपर्यंत मेसेज धरून ठेवणं), नाहीतर लाइट गेल्यावर काहीच साचणार नाही.

स्क्रीनला मात्र या रांगेत उभं करू नका. त्याचा क्लायंट वेगळा, क्लीन सेशन चालू, आणि सेन्सरनं रिटेन (शेवटचा मेसेज ब्रोकरनं जपून ठेवणं) लावून पाठवायचं. जोडणी झाली की शेवटचं रीडिंग लगेच मिळतं.

कमिट बदलल्यावर सेकंदाला किती उपसा होतो तो आकडा इथंच टाका, मग 6000 पुरतात का बघू.