कांपुंग म्हणजे गाव, वाडी की वसाहत?

प्रश्न असा आलाय की सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला, इंडोनेशियाच्या आचे प्रांतात, गायो भाषा बोलणाऱ्या लोकांचा डोंगराळ भाग आहे, तिथल्या एका गावाची छोटीशी ओळख मराठीत लिहायचीय आणि मसुद्याच्या पहिल्याच वाक्याला गाडी अडलीय. "गायो उच्चभूमीतील एक ग्रामीण वसाहत" असं लिहून झालंय पण ते खटकतंय, तर मूळ शब्द जो कांपुंग, त्याला वसाहत म्हणावं, वस्ती, पाडा, वाडी की सरळ गाव?

सरळ गाव म्हणा. का ते सांगतो, कारण बाकीचे चारही शब्द इथे आपापल्या परीने चुकीचं चित्र उभं करतात.

वसाहत आधी काढून टाका. आपल्याकडे वसाहत म्हणजे एकतर औद्योगिक वसाहत, पोलीस वसाहत, धरणग्रस्तांची वसाहत, म्हणजे कुणीतरी आखून बसवलेली जागा, नाहीतर मग इंग्रजांची वसाहत. गायो लोक तिथे कुणी आणून बसवलेले नाहीत, ते तिथलेच आहेत. आणि दुसरा अर्थ तर तिथे फारच जिव्हारी लागणारा आहे, कारण १९०४ साली फान डालेन नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली डच फौज गायो आणि शेजारच्या आलास मुलखात शिरली आणि तटबंदी करून लढणाऱ्या गावांमध्ये बायकामुलांसकट कत्तल झाली, त्यानंतर तो भाग खरोखरच डचांची वसाहत झाला. त्यामुळे तिथल्या गावाला वसाहत म्हणायचं असेल तर ते फक्त एकाच ठिकाणी शोभेल, डचांच्या काळात कॉफीच्या आणि पाइनच्या राळेच्या मळ्यांवर जावाहून मजूर आणले गेले आणि पुढे स्वातंत्र्यानंतरही सरकारी योजनेतून जावाची कुटुंबं आली, त्यांची जी नवी गावं वसली त्यांना. त्या गावांत आजही जावानीज ऐकू येते.

उच्चभूमी हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. इंडोनेशियनमध्ये त्या भागाला जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ उंचावरचा सपाट प्रदेश होतो, म्हणून काहीजण पठार लिहितात, पण पठार म्हटलं की आपल्याला पाचगणीचं टेबललँड दिसतं आणि इथे तर बुकित बारिसान डोंगररांगेच्या आत अडकलेली खोरी आहेत, मध्ये एक मोठा तलाव, चहूबाजूंनी डोंगर. घाटमाथा हा सुंदर शब्द आहे पण तो सह्याद्रीचाच राहू द्या. "गायोचा डोंगराळ मुलूख" एवढं पुरे.

आता पाडा, वस्ती, वाडी. पाडा म्हटलं की ठाणे-पालघरकडचा आदिवासी पाडा डोळ्यासमोर येतो, आणि गायो लोकांच्या बाबतीत तो शब्द वाचकाला भलतीकडे नेईल, कारण हे शेकडो वर्षांपासूनचे मुसलमान शेतकरी, आताचे कॉफीवाले, त्यांची स्वतःची राज्यं होती, लिंगे नावाचं जुनं राज्य तर सगळे गायो आपलं मूळ मानतात. वस्ती म्हणजे आपल्याकडे रानात विखुरलेली चारदोन घरं. वाडी मात्र फेकू नका, ती पुढे लागेल, कारण कांपुंगचे पोटभाग असतात, त्यांना दुसुन म्हणतात, आणि दुसुनला वाडी हा इतका नेमका शब्द आहे की कोकणातल्या माणसाला वेगळं काही समजवायची गरजच नाही. गाव एक आणि त्याच्या वाड्या तीन-चार, तसाच कांपुंग एक आणि त्याचे दुसुन.

कांपुंग या शब्दाशी आपली एक ओळख आधीपासून आहे बरं का, आपण बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये गाड्या लावतो ते कंपाउंड इंग्रजीत मलय भाषेतल्या कांपुंगवरून आलं असं बहुतेक कोशकार मानतात. शेवटचा उच्चार ग नाहीये, नाकातून सोडून द्यायचा, पण देवनागरीत कांपुंग लिहिण्यावाचून इलाज नाही.

इंडोनेशियाच्या सरकारी कागदात अजून एक शब्द भेटेल, देसा. तो आपलाच देश. १९७९ च्या कायद्याने अख्ख्या इंडोनेशियात गावाची एकच रचना आणि एकच नाव लावलं, जावामधल्या देसाच्या धर्तीवर, आणि बाकी प्रांतांतली जुनी नावं कागदावरून गेली. पुढे आचेला खास स्वायत्तता मिळाली, २००६ चा आचेचा वेगळा कायदा आला, २०१४ च्या गाव कायद्यानेही स्थानिक नाव वापरायची मुभा दिली, तर किनाऱ्यावरच्या आचेनीज गावांना गांपोंग आणि गायोंच्या गावांना कांपुंग ही नावं परत मिळाली. म्हणून जुन्या मजकुरात देसा दिसलं आणि नव्यात कांपुंग तर गोंधळू नका, गाव तेच आहे. देश एवढा लहान कसा झाला असं वाटत असेल तर आपला देशमुख आठवा, तो काही अख्ख्या देशाचा प्रमुख नव्हता, परगण्याचाच होता.

पण गाव म्हणा असं मी जे ठासून सांगतोय त्याचं खरं कारण वेगळंय. गायोंमध्ये गाव कशाने होतं ते एका शब्दात सांगतात, साराक ओपात. ओपात म्हणजे चार. रेजे (गावप्रमुख), इमेम (इमाम), पेतुए (गावातले जाणते वडीलधारे) आणि रायात, हे चौघे मिळून गाव. आणि प्रत्येकाचं काम बांधून दिलेलं आहे, तेही यमकात:

रेजे मुसुकेत सिपेत,
इमेम मुपेर्लु सुनेत,
पेतुए मुसिदिक सासात,
रायात गेनाप मुपाकात.

रेजेने मापून तोलून न्याय करायचा, इमेमने धर्मातलं फर्ज, म्हणजे बंधनकारक काय आणि सुन्नत, म्हणजे बंधन नसलेलं पण केलेलं चांगलं काय ते बघायचं, पेतुएने गावात काय चाललंय त्याचा तपास ठेवायचा आणि रायातने सगळ्यांनी मिळून एकमताने ठरवायचं. आता हा शेवटचा रायात नीट बघा, ही आपली रयतच आहे, अरबी शब्द, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, तिकडे मलयच्या वाटेने गेला. मुपाकातसुद्धा ओळखीचा निघतो, आपल्या माफकचं आणि त्याचं अरबी मूळ एकच, जुळणं, एकमेकांशी मेळ बसणं. फरक एवढाच की आपल्या जुन्या कागदांत रयत म्हणजे जिच्याकडून सारा घ्यायचा ती, आणि इथे रयत ही गाव चालवणाऱ्या चौघांपैकी एक, तिच्याशिवाय निर्णयच होत नाही. मला हे फार आवडतं. ह्याला मराठीत जवळचा शब्द हवाच असेल तर गावकी. कोकणात "गावकीने ठरवलं" म्हणतात त्यात जो वजनदारपणा आहे तो ह्यात आहे. आणि गावकी ही गावालाच असते, वस्तीला नसते, वसाहतीला तर नाहीच नाही.

ह्यावरून दुसरा मुद्दा, तुमच्या मसुद्यात रेजेचं भाषांतर राजा केलंय. शब्द राजावरूनच आलाय, शंका नाही, पण आजचा रेजे म्हणजे गावाने निवडून दिलेला गावप्रमुख. सरपंच लिहिलं तर ग्रामपंचायतीचा सगळा कारभार वाचकाच्या डोक्यात येणार, पाटील लिहिलं तर वतन येणार, म्हणून पहिल्यांदा "रेजे, म्हणजे गावप्रमुख" असं लिहा आणि पुढे नुसतं रेजे. रजे मात्र लिहू नका, रजेवर असलेल्या माणसाशी गल्लत होते.

एक युक्ती सांगतो जी गायो शब्द वाचताना खूप उपयोगी पडते. मलयमध्ये जिथे आ असतो तिथे गायोत बऱ्याचदा ए लिहिलेला असतो. राजाचं रेजे, इमामचं इमेम, आदात म्हणजे रूढी तिचं एदेत, कुदा म्हणजे घोडा त्याचं कुदे, लिमा म्हणजे पाच त्याचं लिमे. सगळीकडे नाही होत, रायात तसाच राहिला, पण अनोळखी शब्द दिसला की ए काढून आ घालून बघा, निम्मे शब्द ओळखीचे निघतात.

गावांच्या नावांतही असंच ओळखीचं काहीतरी सापडतं. ताकेंगोन हे मध्य आचे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, ते लुत तावार तलावाला लागून आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर. लुत म्हणजे समुद्र, तावार म्हणजे बिनखारट, तर ह्या लोकांनी आपल्या तलावाला गोड्या पाण्याचा समुद्र म्हटलंय, आणि सतरा-अठरा किलोमीटर लांबीचं ते पाणी बघितलं तर त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. त्या काठावर तोवेरेन आहे. एक नाही, तोवेरेन उकेन, तोवेरेन तोआ, तोवेरेन आंतारा, तोवेरेन मुसारा अशी वेगवेगळी गावं. उकेन म्हणजे पाण्याच्या वरच्या अंगाचं, तोआ म्हणजे खालच्या अंगाचं, आंतारा म्हणजे मधलं (संस्कृत अंतर, मलयमार्गे), मुसारा म्हणजे एकत्र, सारा म्हणजे एक त्यावरून. आपल्याकडे आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द होतं तसंच, फक्त आपण थोरलं-धाकटं बघतो आणि ते पाणी कुठून कुठे वाहतं ते बघतात. म्हणून अशा नावांचं भाषांतर करू नका, "वरचे तोवेरेन" लिहिलं तर नकाशात सापडणार नाही, नाव तसंच ठेवून अर्थ एकदा सांगा.

तोवेरेनमध्ये रेजे बालुंतारा ह्यांचं जुनं घर आहे, खांबांवर उभं, लाकडी, कोरीव नक्षीचं, त्याला उमाह पितु रुआंग म्हणतात. उमाह म्हणजे घर, पितु म्हणजे सात. तुम्ही "सात खोल्यांचे घर" केलंय, त्याऐवजी सात खणी घर करा, आपल्याकडे जुन्या वाड्यांचं माप खणावरच सांगायचे, तोच भाव आहे. गावातल्या लहान प्रार्थनाघराला मेर्साह म्हणतात, आचेनीजमध्ये मेउनासाह, मुळात अरबी मदरसा, पण त्याला मदरसा लिहू नका आणि मशीदही नको, मशीद वेगळी असते.

शेतीचं वाक्यही दुरुस्त करायला हवं. "लोक शेती करतात" ह्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. उमे म्हणजे भाताची खाचरं आणि एम्पुस म्हणजे बाग किंवा मळा, आणि आज गायो मुलखाचं पोट मुख्यतः एम्पुसवर, म्हणजे अरेबिका कॉफीवर चालतं. त्या कॉफीला २०१० मध्ये इंडोनेशियात भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून "कॉफीचे मळे आणि खालच्या अंगाला भातखाचरं" असं सुटं लिहा, डोळ्यासमोर गाव उभं राहतं. आणि मासे आलेच तर देपिक ह्या माशाला मराठी नाव शोधू नका, तो ह्याच तलावातला छोटा मासा आहे, दुसरीकडे मिळत नाही.

नकाशा वाचायला आणखी तीन शब्द: बुर म्हणजे डोंगर, विह म्हणजे पाणी किंवा नदी, अतु म्हणजे दगड. बुर नि तेलोंग हा ज्वालामुखी, विह पेसाम आणि अतु लिंतांग हे तालुके. त्यातला नि हा आपल्या चा-ची-चे सारखा, फक्त उलट्या क्रमाने येतो, आधी डोंगर आणि मग कशाचा ते. म्हणून "बुर नि तेलोंग पर्वत" लिहिलं की डोंगर दोनदा होतो.

तर पहिलं वाक्य मी असं करेन, उदाहरणाला तोवेरेन उकेन घेऊन: "तोवेरेन उकेन हे सुमात्राच्या उत्तरेकडच्या गायो मुलखात, लुत तावार तलावाच्या काठी वसलेलं गाव (तिथल्या भाषेत कांपुंग)." त्यापुढे सगळीकडे गाव, आणि दुसुन आला की वाडी.

एक राहिलं, रेजे हे मध्य आचे आणि बेनेर मेरिआह ह्या दोन जिल्ह्यांत चालतं. गाव जर दक्षिणेला गायो लुएस जिल्ह्यात, ब्लांगकेजेरेनच्या बाजूला असेल, जिथला सामान नावाचा नाच २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, तर तिथे गावप्रमुखाला पेंगुलु म्हणतात, आणि किनाऱ्यावरच्या आचेनीज गावात केउचिक. तेव्हा आधी तुमच्या गावाचा जिल्हा बघून घ्या आणि मगच तो शब्द पक्का करा.