२ फुटी टँकमध्ये गोल्डफिश, एंजल, गप्पी, टायगर बार्ब आणि सकर एकत्र राहतील का?

नाही राहणार. दुकानदाराने यादी लिहून दिली असली तरी पैसे द्यायच्या आधी हे वाचा. तुम्ही लिहिलंय की लेकीसाठी २ बाय १ बाय १ फुटाचा टँक घेतलाय, पाणी सोसायटीच्या बोअरचं आहे, आणि २ गोल्डफिश, २ एंजल, ६ गप्पी, ४ टायगर बार्ब नि काच साफ करायला १ सकर असं ठरलंय. टँक काठोकाठ भरला तर ५५ लिटर, खाली खडी आणि वर थोडी जागा सोडली की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहतं. एवढ्यात ही मंडळी बसत नाहीत, आणि बसली तरी एकमेकांना जगू देत नाहीत.

मी पण सुरुवातीला असंच विचारून घेतलं होतं. दुकानात एंजल रुपयाच्या नाण्याएवढे होते, शेजारी निऑन टेट्रा, मला सांगितलं दोन्ही शांत मासे आहेत बिनधास्त ठेवा, म्हणून २ एंजल आणि १० निऑन आणले. चार-पाच महिने खरंच छान चाललं. मग एक दिवस निऑन मोजले तर ९. दोन दिवसांनी ८. मेलेला मासा कुठेच नाही, झाडांच्या मुळाशी नाही, फिल्टरमध्ये नाही, मला वाटलं उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून टेबलाखाली टॉर्च मारून बघितलं. शेवटी एकदा पहाटे साडेपाचला उठलो, हॉलचा लाइट लावला, आणि मोठ्या एंजलच्या तोंडातून निऑनची लाल शेपटी बाहेर आलेली दिसली. शेपटी अजून हलत होती. त्यात एंजलचा काही दोष नाही हो, अ‍ॅमेझॉनच्या पाण्यात तो छोटे मासे खातोच. चूक ही की मी त्याचा दुकानातला आकार बघितला, वाढल्यावरचा नाही.

म्हणून मासा निवडताना पहिलं हे विचारायचं की हा पूर्ण वाढला की केवढा होतो, आणि तेव्हा त्याच्या तोंडात कोण मावेल. तुमच्या यादीतला गोल्डफिश सहा-आठ इंच सहज होतो, साधा लांब शेपटीचा तर फूटभर पण. तो थंड पाण्यातला मासा, बाकीच्यांना २५-२६ डिग्री लागतं, शिवाय खातो भरपूर आणि घाण पण तेवढीच करतो. लेकीला गोल्डफिशच हवा असेल तर त्याला वेगळा, मोठा टँक आणि तगडा फिल्टर, बाउलमध्ये तर अजिबात नको. टायगर बार्बला दुसऱ्यांचे पंख कुरतडायची सवय, लांब शेपटी दिसली की मागे लागलाच, ४ ठेवले तर ती खोड जास्तच दिसते, ८-१० च्या थव्यात ते आपापसात भांडत बसतात. पण म्हणून गप्पी नि एंजलजवळ त्यांना ठेवायचं नाही ते नाहीच.

सकरचं जरा नीट सांगतो कारण तो सगळ्यांच्याच गळ्यात मारतात. दोन इंचाचा आणता, तो फूटभराच्या वर जातो, मोठा झाला की काच चाटणं कमी आणि फिश फूडवर ताव जास्त. मग लोक काय करतात, नदीत नाहीतर तलावात सोडून देतात आणि वर पुण्य केल्यासारखं वाटतं. हा मासा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या पाण्यात त्याला खाणारं फारसं कोणी नाही, उजनीच्या जलाशयात पण सापडलाय, अंगावरच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. काचेवरचं शेवाळ मॅग्नेट क्लीनरने दोन मिनिटांत निघतं हो, त्यासाठी मासा नको.

आता तुमचं पाणी. बोअरचं म्हणजे बहुतेक जड असणार, नळावर नि बादलीला पांढरा थर बसतो ना, तेच क्षार. निऑनसारख्या माशांना हलकं पाणी लागतं, पण गप्पी आणि प्लॅटीला तुमचं जडच पाणी मानवतं. पाण्याशी भांडून औषधं ओतत बसण्यापेक्षा त्या पाण्यात सुखाने राहणारा मासा आणा, मी तर म्हणेन निम्मं काम तिथेच होतं. गप्पी चिवट असतो, म्हणून तर आपल्याकडे मलेरियावाले डासांच्या अळ्या खायला तो हौदात सोडतात.

तुमच्या जागी मी ६ गप्पी घेतले असते, सगळे नर. भडक रंग मुख्यतः नरांनाच असतो, आणि नर-मादी एकत्र ठेवलेत तर मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं टाकते, ती कुठे ठेवणार? तळाला ५-६ ब्राँझ कोरीडोरास, एकटादुकटा नको, तो थव्यात राहणारा मासा. ते खडीत तोंड खुपसून दाणे शोधतात, त्यामुळे खाली टोकदार खडीऐवजी बारीक वाळू टाका, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात. बस एवढेच. टँक रिकामा वाटेल, वाटू दे, झाडं लावा.

आणि मासे उद्याच आणू नका. फिल्टर चालू करून अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) खाणारे बॅक्टेरिया तयार व्हायला ४ ते ६ आठवडे जातात, आणि नुसतं पाणी फिरत ठेवून ते होत नाही, रोज चिमूटभर फिश फूड टाकत राहायचं, ते कुजून त्यांना खाणं मिळतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) दोन्ही आधी वाढून मग शून्य आले की आधी ३ गप्पी, मग पंधरा-पंधरा दिवसांनी बाकीचे. दर आठवड्याला पाव पाणी बदला, कॉर्पोरेशनचं पाणी मिसळत असेल तर त्यातलं क्लोरीन घालवणारं अँटिक्लोर टाकून. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधी धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

रोज सकाळी मासे मोजायचं काम लेकीला द्या. एखादा कमी भरला तर त्याच दिवशी शोधा, मेलेला मासा झाडात अडकून राहिला की एवढ्याशा पाण्यात अमोनिया लगेच वाढतो.