रझांच्या चित्रात नर्मदा कुठाय?

प्रश्न : नमस्कार सर. मागच्या महिन्यात मुंबईत एका प्रदर्शनात सय्यद हैदर रझांची चित्रं बघितली. बाजूच्या पाटीवर नर्मदा, मंडल्याचं जंगल, बालपण वगैरे बरंच लिहिलेलं होतं. मी पंधरा मिनिटं एका चित्रासमोर उभा होतो, मला नुसता काळा गोल आणि त्रिकोण दिसले. बायको म्हणाली रंग छान आहेत, ते मलाही पटलं, पण नर्मदा कुठाय त्यात? आणि माणूस साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिला तर तिथलं काहीच का नाही काढलं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दुसरं सांगतो, ते सोपंय. फ्रान्स काढलंय, भरपूर काढलंय. 1950 ला फ्रेंच सरकारची स्कॉलरशिप घेऊन गेले तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं तिथली गावं, चर्च, एकमेकांवर चढलेली घरांची छपरं हेच त्यांचे विषय होते. 1956 ला तिथल्या समीक्षकांचं मोठं बक्षीस मिळालं ते या काळातल्याच कामावर. पुढे मेंतों शहराच्या वर डोंगरात गोर्बियो नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे घर घेतलं आणि उन्हाळे तिथे घालवले. आपल्याकडे प्रदर्शनात आणि कॅलेंडरवर त्यांचा बिंदू, म्हणजे तुम्ही बघितलेला तो काळा गोलच जास्त दिसतो म्हणून वाटतं की रझांनी जन्मभर गोलच काढले.

त्याच्याही आधी मुंबई. जेजे कला शाळेत शिकत होते, पोटासाठी फोर्टमध्ये एका स्टुडिओत नोकरी करत होते आणि वेळ मिळेल तसे रस्त्यावरचे जलरंग करत होते. त्यातली पावसाळ्यातली मुंबई एकदा नक्की बघा. ओल्या रस्त्यावर माणसं म्हणजे ब्रशचा एक टेकवलेला ठिपका, बास, पण छत्री सावरत निघालेला माणूस आहे हे कळतं. 1948 ला काश्मीरला गेले, तिथेही खूप चित्रं केली, आणि श्रीनगरमध्ये गाठ पडली कार्तिए-ब्रेसाँ या फोटोग्राफरशी. त्याने चित्रं बघून तोंडावर सांगितलं की हात चांगलाय पण चित्राला बांधणी नाही, घराला पाया लागतो तसा चित्रालाही लागतो, सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास कर. आपण असतो तर चार दिवस तोंड पाडून बसलो असतो, हा गडी मुंबईत परत आला आणि फ्रेंच शिकायला क्लास लावला!

आता नर्मदा. रझांचा जन्म 1922 चा, मध्य प्रदेशात नर्मदेकाठच्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा, वडील जंगल खात्यात. म्हणजे लहानपण जंगलातलं, लाइट नाही, रात्र पडली की खरोखरची रात्र, आणि पोराला त्या काळोखाची भीती वाटायची हे त्यांनी स्वतः सांगितलंय. सकाळी ऊन आलं की हायसं वाटायचं. शाळेत लक्ष नसायचं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि समोर बसवलं, याच्याकडेच बघत बस म्हणून. तो ठिपका चित्रात आला सत्तरीच्या दशकाच्या शेवटाला, म्हणजे पन्नाशी उलटून गेल्यावर. मधली सगळी वर्षं तो कुठे होता देव जाणे.

मला वाटतं घोळ इथे होतो की आपण जागा म्हटलं की देखावा शोधतो. घाट, होडी, देऊळ. त्यांना देखावा काढायचा होता तेव्हा तो उत्तम काढता येत होता, मुंबईत सिद्ध करून झालेलं होतं. नंतर त्यांना हवं होतं ते त्या जागेने अंगावर उमटवलेलं काहीतरी. तो काळा गोल बघताना जंगलातली रात्र आठवून बघा आणि बाजूचे तांबडे पिवळे पट्टे बघताना सकाळ, मग काही हलतंय का सांगा. नाही हललं तरी चालेल, सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे, मलाही त्यांची शेवटची काही चित्रं एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. पण 'राजस्थान' किंवा 1983 चं 'सौराष्ट्र' मिळालं तर सोडू नका. भारतात येऊन हिंडायचे आणि परत जाऊन पॅरिसला काढायचे, जुन्या राजपूत चित्रांसारखे चौकटीत चौकटी पाडून, आत नुसता तापलेला रंग. 'सौराष्ट्र' 2010 च्या लिलावात 16 कोटींच्या वर गेलं, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली, चित्र फार कमी लोकांनी बघितलं. आणि 1981 चं 'माँ', त्यात तर खाली देवनागरीत हिंदी कवितेची ओळच लिहिलीये, आईला विचारतोय की परत येईन तेव्हा काय घेऊन येऊ.

2010 च्या शेवटी दिल्लीला कायमचे परत आले, 2016 ला गेले, आणि इच्छेप्रमाणे दफन मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी.

प्रश्न : सर मी हौशी चित्रकार आहे, बँकेतून रिटायर झाल्यावर सुरू केलं. वाईला ग्रुपबरोबर गेले होते, घाटावर बसून दोन तासात एकच चित्र झालं आणि तेही बिघडलं, दगड कोळशासारखे दिसतायत. बरोबरच्या एक ताई फोटो काढून घरी निवांत काढतात आणि त्यांची चित्रं माझ्यापेक्षा कितीतरी नीट असतात. मग तिथे उन्हात बसायचं कशाला?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दगड कोळशासारखे झाले म्हणजे तुम्ही ट्यूबमधला काळा वापरला, बरोबर ना? तो आधी बॅगेतून काढून घरी ठेवा. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीन ब्लू मिसळा, उन्हातल्या पायरीला सिएना जास्त आणि पाणीही जास्त, सावलीतल्याला निळा जास्त. आणि दोन्ही पॅलेटवर पूर्ण घोटू नका, कागदावरच एकमेकात शिरू द्या, काळा पाषाण आपोआप दिसायला लागतो.

फोटोचं म्हणाल तर फोटो काढा की, पाप नाहीये. फक्त फोन सावली एकदम काळी करतो आणि आभाळ पांढरं, म्हणजे तुमचा कोळसा फोटोतही आहेच! जागेवर बसलं की कळतं सावलीत केवढे रंग असतात. मी पहिल्यांदा ढोल्या गणपतीपाशी बसलो तेव्हा नऊ वाजता सावली डावीकडून सुरू केली, देवळाची मागची भिंत माशासारखी आहे ना पुराचं पाणी कापायला, ती जमवण्यात अकरा वाजले, मान वर केली तर सावली भलतीकडे. चित्रात दोन सूर्य झाले. एक पोरगं मागे उभं राहून बघत होतं, म्हणालं काका, तुमचं देऊळ पडतंय. ते बिघडलेलं चित्र मी ठेवलंय आणि खरं सांगतो, ते बघितलं की कपडे आपटल्याचा आवाज आठवतो, घरी फोटोवरून केलेलं नीटनेटकं चित्र बघून काहीच आठवत नाही. तेव्हा पुढच्या वेळी दोन तासात एक करू नका, वीस-वीस मिनिटांची चार करा, पोस्टकार्डाएवढी. आधी सावलीची कड पेन्सिलीने आखून घ्या, मग ऊन कुठेही जाऊ दे.

प्रश्न : मी गेली तीन वर्षं आमच्या गच्चीतून दिसणारा अजिंक्यताराच काढतोय. घरचे म्हणतात आता तरी दुसरीकडे कुठे जा. जाऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हवापालट म्हणून जा. पण ज्या सेझानचा अभ्यास करायला रझांना सांगितलं होतं त्याने आपल्या गावाजवळचा साँत-विक्तुआर हा एकच डोंगर तीसच्या वर तैलरंगात काढलाय, जलरंगातले वेगळे. 1906 च्या ऑक्टोबरात सदुसष्टाव्या वर्षी बाहेर चित्र काढतानाच वादळी पावसात सापडला, त्यातच आजारी पडून आठवड्याभरात गेला. हा भाग घरच्यांना सांगू नका. तीन वर्षांतले सगळे अजिंक्यतारे एकदा जमिनीवर तारखेनुसार मांडा, आणि जूनमधले किती आहेत ते मोजा, कारण माझा अंदाज आहे की पाऊस सुरू झाला की तुम्ही गच्चीत जात नाही.