पत्रांनी मुदत थांबत नाही

जुळे सोलापूरच्या वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६३ वर्षांचे, शुगरसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू. खासगी सेंटरमध्ये डाय देऊन पोटाचा सीटी स्कॅन झाला. गोळी थांबवायला कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी उलट्या, धाप, मग आयसीयू आणि डायलिसिस. भरपाई मिळेल का? अशी पत्रं वरचेवर येतात, आणि बहुतेक उशिरानेच येतात.

तुमच्या पत्रातलं कळीचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: स्कॅनला २२ महिने झाले, सेंटरला पत्रं दिली, ते 'बघतो' म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ६९नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. पत्र, फोन, वकिलाची नोटीस यांनी ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. 'बघतो' म्हणणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. योग्य कारण असेल तर ग्राहक आयोग उशीर माफ करू शकतो, पण तोंडी आश्वासनाच्या भरवशावर थांबलो हे कारण लंगडं आहे. नुकसान नंतर कळलं, असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. २०१०च्या श्रीखंडे या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुकसान कळल्यापासून मुदत मोजायची सवलत नुकसान लगेच न दिसणाऱ्या प्रकरणांपुरती ठेवली. तुमचे वडील तर तिसऱ्याच दिवशी आयसीयूत होते. मुदत स्कॅनच्या तारखेपासूनच मोजा.

सेंटरची चूक खरंच होती का, यावर मात्र मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. मेटफॉर्मिन मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. डायनंतर मूत्रपिंड मंदावलं तर हे औषध रक्तात साठतं आणि लॅक्टिक ॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल वाढण्याचा, धोका येतो. पण प्रत्येकाची गोळी थांबवावीच लागते असं नाही. तुम्ही जोडलेल्या आठवडाभर आधीच्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.९ आहे, म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा आकडा) साधारण ३९. नेमकी अडचणीची जागा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या सूचनेप्रमाणे ३० ते ६०च्या दरम्यान गोळी स्कॅनवेळी थांबवून ४८ तासांनी पुन्हा तपासणी करायची आणि मगच सुरू करायची. तिथल्याच रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेच्या मते शिरेतून डाय देताना, मूत्रपिंडाला अचानक इजा झालेली नसेल तर, ३०च्या वर थांबवायची गरज नाही. सेंटरचा वकील दुसरं मत पुढे करणार. शिवाय मूत्रपिंड डायने बिघडलं की आजाराने, यावर तज्ज्ञांचं मत लागेल. तुमची खरी बाजू वेगळी आहे: तो रिपोर्ट कुणी पाहिला का, आणि कोणती गोळी चालू आहे हे विचारलं का?

याचं उत्तर स्कॅनआधी सही घेतलेल्या फॉर्ममध्ये आहे, आणि त्याची प्रत तुमच्याकडे नाही. न वाचता सही केली, प्रतही मागितली नाही; आता लेखी मागा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. नाही दिले तरी त्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका. कलम ३८खाली आयोग ते हजर करायला लावू शकतो, तसा अर्ज तक्रारीसोबतच जोडा.

तक्रार वडिलांच्या नावाने, सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगात किंवा ई-जागृती पोर्टलवर. सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही; मागितलेली भरपाई इथे मोजत नाहीत. स्कॅन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सामील करायचं का, हे आत्ताच ठरवा. मुदतीनंतर नवा पक्षकार जोडताना त्याच्यापुरता मुदतीचाच आक्षेप येतो. निकाल ३ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. ते वाचून हुरळून जाऊ नका, वर्षं धरून चला.

पोलिसांत जायचा विचार तूर्त सोडा, त्यासाठी फार मोठा निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

आणि २४वा महिना उजाडायची वाट पाहू नका. कागदांत त्रुटी निघाली तर दुरुस्तीतही दिवस जातात.