वाचकांचे प्रश्न : प्रयोग थांबले, पोटाचे काय?

प्रश्न : मी नाटकांसाठी ध्वनिसंयोजन करतो. २०२० च्या टाळेबंदीत ठरलेले सगळे प्रयोग रद्द झाले आणि केलेल्या तयारीचे मानधनही बुडाले. पुढे इतरांच्या ध्वनिमुद्रणांचे संपादन करून दिवस काढले. पुन्हा तशी वेळ आली, तर माझ्यासारख्या तरुणाने या क्षेत्रात तग कसा धरावा? – एक वाचक

उत्तर : तग धरण्याचा निम्मा भाग कागदपत्रांचा असतो आणि तरुण कलावंत तिथेच कमी पडतात. ब्रिटनने २०२० मध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी मदत योजना आणली, तेव्हा २०१८-१९ चे करविवरणपत्र ही तिची अट होती. त्यामुळे नुकतेच व्यवसायात उतरलेले लोक सुरुवातीला तिच्याबाहेर राहिले. ज्यांची निम्म्याहून अधिक कमाई जोडनोकरीची होती, त्यांनाही ती मिळाली नाही. जर्मनीत पहिल्या तातडीच्या केंद्रीय मदतीतून कामाच्या जागेचे भाडे भागवता येत होते, घरखर्च नाही. घरातूनच काम करणाऱ्या चित्रकाराने दाखवायचे काय? आयर्लंडने मात्र २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो मूलभूत उत्पन्न देणारी प्रायोगिक योजना सुरू केली. असे अपवाद थोडेच, म्हणून प्रत्येक कामाची पावती, करार आणि विवरणपत्र जपून ठेवावे.

करारातही एक दुरुस्ती हवी. संहितेचे वाचन, ध्वनींची निवड आणि कोणता आवाज केव्हा वाजवायचा याच्या संकेतांची यादी ही आपली बरीचशी मेहनत पहिल्या प्रयोगाआधीच संपलेली असते. तरीही मानधन प्रयोगागणिक ठरले असेल, तर प्रयोग रद्द होताच ती फुकट जाते. तेव्हा तयारीचे मानधन वेगळे लिहून घ्यावे आणि त्यातला काही भाग आगाऊ मागावा. मागताना संकोच वाटेल, पण निर्मात्यालाही हा हिशेब समजतो.

संपादनाचे काम आपण नाइलाजाने केले, असा सूर आपल्या पत्रात आहे. तो मला पटत नाही. इंटरनेटवरून एकत्र वाजवताना आवाज तीसेक मिलिसेकंद जरी उशिरा पोहोचला, तरी ताल सांभाळणे अवघड होते. म्हणूनच टाळेबंदीत वादकांनी कानात एकच ठोका ऐकत आपापल्या घरी वेगवेगळे ध्वनिमुद्रण केले आणि कोणीतरी ते तुकडे जुळवले. ते जुळवणारे कान नाटकानेच तयार केलेले असतात, त्यामुळे रंगमंच चालू असतानाही या कामाची दोन-तीन गिऱ्हाइके धरून ठेवावीत. ‘ओळख होईल’ एवढ्याच मोबदल्यावर ऑनलाइन काम मागणाऱ्यांना मात्र, ते कितीही गोड बोलत असले तरी, आधी दर कळवावा.