मॅटमध्ये अर्ज फेटाळला, आता हायकोर्टात 'अपील' किती दिवसांत?

प्रश्न थोडक्यात असा: बडतर्फीविरुद्धचा मूळ अर्ज, म्हणजे ओए, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांचे नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या मॅटने, फेटाळला. हायकोर्टात अपिलाची मुदत किती, आणि साक्षी पुन्हा तपासतील का?

अपीलच नाही, त्यामुळे अपिलाची मुदतही नाही. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 28 ने हायकोर्टाची वाट बंद केली होती. 1997 मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ते कलम घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून मॅट किंवा कॅटच्या (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) निकालाविरुद्ध घटनेच्या अनुच्छेद 226 आणि 227 खाली रिट याचिका करायची, ती दोन न्यायमूर्तींपुढे चालते. न्यायाधिकरण टाळून थेट हायकोर्टात जाता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

रिटला ठरावीक मुदत नसली तरी निवांत राहू नका. विनाकारण उशीर झाला तर तेवढ्यावरच याचिका फेटाळता येते. निकालाची प्रत कधी मिळाली आणि मधले महिने कुठे गेले, हे तारखांसह याचिकेतच लिहा.

साक्षींचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे आहे, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. विभागीय चौकशीच्या प्रकरणात मॅट स्वतःही अपिलात बसत नाही. चौकशी नीट झाली का, एवढेच ते पाहते. हायकोर्ट त्या पाहण्यावर पाहते. म्हणजे तुम्ही मूळ घटनेपासून दोन पायऱ्या लांब आहात. पुरावा पुरेसा होता का, साक्षीदार खरा वाटतो का, हे आता कोणी तोलणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सय्यद याकूब खटल्यापासून कायदा स्थिर आहे: वस्तुस्थितीची चूक, कितीही मोठी असो, उत्प्रेषणाच्या रिटने, म्हणजे न्यायाधिकरणाचा आदेश मागवून रद्द करणाऱ्या रिटने, दुरुस्त होत नाही, कायद्याची उघड चूक होते. मात्र निष्कर्षाला काहीच पुरावा नसेल, ग्राह्य पुरावा चुकीने नाकारला असेल किंवा अग्राह्य पुराव्याचा निष्कर्षावर परिणाम झाला असेल, तर ती कायद्याची चूक धरतात. सगळी याचिका या फटीतून न्यावी लागते.

'साक्षीदार क्रमांक 2 खोटे बोलतो' हा मुद्दा टिकणार नाही. 'ज्या पत्रावर निष्कर्ष बांधला ते चौकशीत सादरच झाले नव्हते, यादीत नाही, प्रत दिली नाही' हा टिकू शकतो. पण शेजारी पान क्रमांक हवा. चौकशी अहवालाची प्रत मिळाली नाही, एवढे म्हणूनही भागत नाही. 1993 च्या बी. करुणाकर निकालानुसार प्रत न मिळाल्याने बचावाला काय धक्का बसला ते दाखवावे लागते. प्रत मिळाली असती तर नेमके काय उत्तर दिले असते, ते दोन वाक्यांत मांडा. शिक्षा फार कडक आहे, हा मुद्दा शेवटचा ठेवा. ती न्यायालयाच्या विवेकाला धक्का देणारी असावी लागते, आणि तशी वाटली तरी प्रकरण सहसा फेरविचारासाठी विभागाकडेच परत जाते.

एक सापळा नेहमी दिसतो. मुद्दा मॅटपुढे मांडला होता, पण निकालपत्रात त्याचा उल्लेखच नाही, किंवा 'हा मुद्दा सोडून दिला' असे लिहिले आहे. हायकोर्टात 'आम्ही मांडला होता' असे सांगून उपयोग नाही. न्यायालयात काय घडले याबाबत निकालपत्रातली नोंद अंतिम मानतात. आठवण ताजी असताना त्याच न्यायाधिकरणाकडे जाऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. नजरेतून सुटलेला दस्तऐवज, आकड्याची चूक यांसाठीही पुनर्विलोकन अर्ज बरा, तो 1985 च्याच कायद्याच्या कलम 22 खाली होतो. कॅटच्या नियमांत त्याला 30 दिवस आहेत. तोही फेटाळला गेला तर रिटमध्ये दोन्ही आदेशांना आव्हान द्या.

फाइलमध्ये मूळ अर्ज, सर्व जोडपत्रे, सरकारचे प्रतिज्ञापत्र, तुमचे प्रत्युत्तर आणि निकालाची प्रमाणित प्रत असू द्या. विभागाचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहतो. नंतरच्या प्रतिज्ञापत्रात नवी कारणे घुसवली असतील आणि मॅटने तीच उचलली असतील, तर मोहिंदर सिंग गिल हा 1978 चा निकाल सरळ लागू पडतो. हे तपासायला दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. फार थोडे लोक वाचतात. तुम्ही स्वतः मात्र नवे कागद जोडायला जाऊ नका. जे मॅटपुढे नव्हते त्यावरून मॅट चुकले असे म्हणता येत नाही.

निकाल तुमच्या बाजूने लागून सरकार हायकोर्टात गेले असते, तर नुसती याचिका दाखल झाल्याने मॅटचा आदेश थांबला नसता; त्यासाठी अंतरिम स्थगिती लागते. ती नसताना अंमलबजावणी टाळली तर त्याच कायद्याच्या कलम 17 खाली मॅटकडेच अवमान अर्ज करता येतो, एका वर्षाच्या आत. त्यात शिक्षा झाली तर मात्र अपील हायकोर्टात नाही, थेट सर्वोच्च न्यायालयात जाते.